बारावा गडी

परभणीहून पूर्णेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात पिंगळी या लहानशा स्थानकावर येते. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही पिके निघून रान मोकळे झाले की मुलांची चेंडूफळी रंगू लागते. तिला नियमांचे छापील पुस्तक नसते. परंतु नियम असतात, आणि ते मोठ्या माणसांच्या नियमांहून कडक असतात. पहिला नियम असा की, ज्याने डाव घेतला त्याने डाव दिलाच पाहिजे. मनसोक्त टोले मारून झाल्यावर ‘आई हाक मारते’ असे सांगून घराकडे पळणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी कोणी खेळात घेत नाही. दुसरा नियम दयेचा आहे. अगदी लहान मुलाला ‘कच्चा लिंबू’ ठरवून खेळात घ्यावयाचे आणि तो बाद झाला तरी ते मोजावयाचे नाही. तिसरा नियम सोयीचा: गड्यांची संख्या विषम भरली तर एकाने दोन्ही बाजूंनी खेळावयाचे.

जगातील दोन मोठ्या खेळांत जो वाद गाजला आणि गाजत आहे, त्याचे बीज या तीन नियमांत सापडते. खेळणाऱ्याने खेळातील सर्व कामे केली पाहिजेत, की ज्याला जे उत्तम येते तेवढेच त्याने करावे, हा तो वाद. अमेरिकेत तो बेसबॉलच्या मैदानावर पन्नास वर्षे चालला. आपल्याकडे तो क्रिकेटमध्ये २०२३ साली आला, आणि त्याच्या पहिल्याच प्रसंगी केंद्रस्थानी उभा राहिला तो कल्याणचा एक मराठी तरुण.

३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबाद येथे इंडियन प्रीमियर लीगच्या त्या हंगामाचा पहिला सामना चेन्नई आणि गुजरात या संघांत झाला. चेन्नईची फलंदाजी आटोपल्यावर अंबाती रायुडू हा फलंदाज तंबूत राहिला आणि त्याच्या जागी तुषार देशपांडे हा वेगवान गोलंदाज मैदानात उतरला. रायुडूने फलंदाजी केली, क्षेत्ररक्षण केले नाही. देशपांडेला फळी हातात धरण्याचे कारणच पडले नाही. एका गड्याचे काम दोघांनी वाटून घेतले. ‘इम्पॅक्ट प्लेअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाचा या स्पर्धेतील तो पहिला प्रयोग होय.

नियमाची रचना समजून घेतली पाहिजे. नाणेफेकीच्या वेळी कर्णधार अकरा गड्यांची नावे देतो आणि त्यांच्याबरोबर पाच राखीव नावेही देतो. या पाचांपैकी कोणाही एकाला सामन्यात एकदाच अकरांतील एकाच्या जागी आणता येते. डाव सुरू होण्यापूर्वी, षटक संपल्यावर, बळी पडल्यावर किंवा फलंदाज निवृत्त झाल्यावर हा बदल करावयाचा असतो. पंच दोन्ही हात डोक्यावर नेऊन मुठी वळून एकमेकांवर आडवे धरतात, ही त्याची खूण. जो बाहेर गेला तो पुन्हा येऊ शकत नाही. नुसता क्षेत्ररक्षक म्हणूनही नाही. मात्र नव्याने आलेल्याला आपली चारही षटके टाकण्याची मुभा असते, मग बाहेर गेलेल्याने किती का टाकलेली असेनात. फलंदाजी अकराजणांनीच करावयाची हे बंधन कायम आहे. संघात चार परदेशी गडी आधीच असतील तर येणारा गडी भारतीयच असावा लागतो. बारा माणसांचा संघ असे याला कोणी म्हटले तर नियमाचे शब्द ते मान्य करणार नाहीत. पण नियमाचा परिणाम मात्र तोच आहे.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. त्यात एका बाजूला नऊ गडी असतात. चेंडू फेकणाऱ्याला तेथे ‘पिचर’ म्हणतात, आणि त्याचे काम इतके कठीण की तो आपले सर्व आयुष्य त्यातच घालतो. नवांनी पाळीपाळीने फळी धरावयाची असल्यामुळे त्याचीही पाळी येई, आणि बहुधा तो हात हलवीत परत येई. प्रेक्षकांना हा प्रकार कंटाळवाणा वाटे. पिचरच्या जागी दुसऱ्याने फळी धरावी अशी सूचना फिलाडेल्फियाच्या संघाचे चालक कॉनी मॅक यांनी १९०६ सालीच केली होती. पण तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही. पुढे धावा आटल्या आणि अमेरिकन लीग या संघटनेच्या सामन्यांची गर्दी रोडावली, तेव्हा जुनी सूचना आठवली. १९७३ साली त्या लीगने नियम केला की, पिचरऐवजी एका नेमलेल्या फलंदाजाने फळी धरावी आणि त्याने क्षेत्ररक्षणाला जाऊच नये. ६ एप्रिल १९७३ रोजी बॉस्टन येथे न्यूयॉर्कचा रॉन ब्लूमबर्ग असा पहिला फलंदाज ठरला. मौज अशी की, पहिल्या पाळीस त्याला चेंडू मारावाच लागला नाही. चार चेंडू चुकीचे पडले, तिन्ही टप्पे भरलेले होते, आणि एक धाव आपोआप पदरात पडली. त्याची ती फळी मात्र कूपर्सटाउनच्या संग्रहालयात जाऊन बसली.

दुसरी संघटना नॅशनल लीग. तिने हा नियम घेण्याचे साफ नाकारले. एकाच देशात, एकाच खेळाच्या दोन मोठ्या संघटना जवळजवळ अर्धशतक दोन वेगळ्या नियमांनी खेळत राहिल्या. अंतिम मालिकेत दोघींची गाठ पडे तेव्हा काही वर्षे आलटून पालटून नियम लावला गेला आणि १९८६ पासून ज्याचे मैदान त्याचा नियम असे ठरले. २०२० साली महामारीमुळे नॅशनल लीगने तो तात्पुरता स्वीकारला, २०२१ मध्ये सोडला आणि २०२२ पासून कायमचा घेतला.

नियमाच्या विरोधकांचा मुद्दा पिचरच्या फलंदाजीचा नव्हताच. ती वाईट असते हे त्यांनाही मान्य होते. त्यांचे म्हणणे असे की, पिचर उत्तम फेकीत असताना त्याची फळी धरण्याची पाळी आली म्हणजे संघचालकापुढे खरा पेच उभा राही. धावा हव्यात म्हणून त्याच्या जागी चांगला फलंदाज धाडावा, तर पिचर उरलेल्या सामन्याला मुकतो. त्याला ठेवावा, तर पाळी वाया जाते. एक मिळवावयाचे तर दुसरे सोडावे लागे, आणि काय सोडावयाचे ते ठरविण्यातच डोके लागे. नवीन नियमाने पेच सोडविला नाही; तो नाहीसा केला.

हा मुद्दा क्रिकेटला जसाच्या तसा लागू पडतो. अकरा जागा आणि दोन प्रकारची कामे, हा संघ निवडणाऱ्यापुढील सनातन हिशोब होय. एक फलंदाज अधिक घ्यावा तर गोलंदाजी तोकडी पडते, एक गोलंदाज अधिक घ्यावा तर शेपूट लांबते. ही ओढाताण ज्याच्यामुळे मिटते तो अष्टपैलू गडी, आणि म्हणूनच त्याचे मोल. बाराव्या गड्याने ती ओढाताण मिटविली, तेव्हा अष्टपैलू गड्याची गरज घटली. प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाने सहा सात नामांकित फलंदाज घ्यावेत, डाव संपताच त्यांतील एकाला बसवावे आणि पाचवा पूर्ण गोलंदाज आणावा, हा सरळ मार्ग झाला.

रोहित शर्मा याने एप्रिल २०२४ मध्ये उघडपणे हेच म्हटले. हा फलंदाज नागपूरचा जन्मलेला व बोरिवलीत वाढलेला, आणि तेव्हा भारताचा कर्णधार होता. आपल्याला हा नियम फारसा रुचत नाही, खेळ अकरांचा आहे, बारांचा नाही, आणि यामुळे अष्टपैलूंची वाढ खुंटेल, असा त्याचा आशय होता. शिवम दुबे आणि वॉशिंग्टन सुंदर यांना गोलंदाजी मिळत नाही, हे उदाहरण त्याने दिले. मुंबईचा दुबे डावखुरा फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाज. परंतु चेन्नईच्या संघात त्याच्या फलंदाजीवरच भर राहिला आणि २०२४ च्या हंगामात त्याची गोलंदाजी जवळजवळ पाहावयासच मिळाली नाही. पुढे २८ सप्टेंबर २०२५ रोजी दुबई येथे आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात हार्दिक पंड्या दुखापतीमुळे बाहेर बसला, तेव्हा पाकिस्तानविरुद्ध भारताचे पहिले षटक टाकण्यासाठी चेंडू याच दुबेच्या हाती द्यावा लागला. त्याच सामन्यात त्याने २२ चेंडूंत ३३ धावाही काढल्या. देशाच्या संघाला बारावा गडी मिळत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हा नियम नाही, आणि ज्या कामाचा सराव घरच्या स्पर्धेत सुटला तेच काम परक्या मैदानावर ऐन वेळी मागितले जाते.

दुसरी बाजू हलकी मानण्याचे कारण नाही. तिचा पुरस्कर्ताही मराठी मातीतलाच आहे. श्रीरामपूरचा झहीर खान, भारताचा नामांकित डावखुरा वेगवान गोलंदाज, याने ऑगस्ट २०२४ मध्ये लखनौ संघाचा मार्गदर्शक होताना या नियमाची बाजू घेतली. त्याचे म्हणणे असे की, यामुळे नवख्या भारतीय मुलांना दार उघडते. आणि जो धड फलंदाज नाही व धड गोलंदाज नाही, त्याला केवळ अष्टपैलू म्हणवून जागा अडविता येत नाही. दोन्ही मुद्दे वजनदार आहेत. दोन अर्धवट कौशल्ये मिळून एक पूर्ण कौशल्य होत नाही, हे कोणताही अनुभवी शिक्षक मान्य करील.

दार कसे उघडते याचा एक प्रसंग तर नाटककारालाही सुचला नसता. २३ मार्च २०२५ रोजी चेन्नई येथे मुंबई आणि चेन्नई यांचा सामना होता. मुंबईची फलंदाजी झाल्यावर ज्या गड्याला बाहेर बसविले तो रोहित शर्मा. आणि त्याच्या जागी आला तो केरळचा विघ्नेश पुथूर, डावखुरा फिरकी गोलंदाज. केरळच्या मुख्य संघाकडून तो तोवर एकही सामना खेळलेला नव्हता. त्याने ३२ धावांत ३ बळी घेतले, आणि त्या तिघांत पुण्याचा ऋतुराज गायकवाड आणि हाच शिवम दुबे होता. ज्याने नियमावर टीका केली त्याच्याच जागी एक अनोळखी मुलगा येतो आणि ज्याच्या वतीने टीका केली त्यालाच बाद करतो! या मुलाला नियम नसता तर ती संध्याकाळ लाभली असती काय, या प्रश्नाचे उत्तर विरोधकांनी प्रामाणिकपणे दिले पाहिजे.

धावांचा हिशोबही या वादात नेहमी पुढे येतो. २०२२ च्या हंगामात, नियम येण्यापूर्वी, दोनशे किंवा अधिक धावांचे डाव १८ झाले. २०२३ मध्ये ३७, आणि २०२४ मध्ये ४१. बंगळूरच्या संघाने २०१३ साली केलेल्या २६३ धावा अकरा वर्षे उच्चांक म्हणून टिकल्या होत्या. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये हैदराबादने २७७ आणि मग २८७ धावा काढून तो दोनदा मागे टाकला. या वाढीचे सारे श्रेय किंवा सारा दोष एका नियमाला देणे न्यायाचे नाही. सपाट खेळपट्ट्या, आखूड सीमारेषा, जाड फळ्या आणि नव्या पिढीचे धाडस यांचाही त्यात वाटा आहे. परंतु आपल्यामागे आणखी एक फलंदाज आहे हे ज्याला ठाऊक आहे तो पहिल्या चेंडूपासून निर्भयपणे टोले मारतो, हेही खरे. विकेट राखण्याची चिंता ही फलंदाजीतील अर्धी विद्या होती. ती चिंता गेली म्हणजे करमणूक वाढते, विद्या वाढतेच असे नाही.

असाच प्रयोग क्रिकेटमध्ये पूर्वी एकदा होऊन गेला होता. २००५ सालच्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत ‘सुपरसब’ नावाचा बदली खेळाडू आला. त्याचे नाव नाणेफेकीपूर्वी द्यावे लागे. त्यामुळे नाणे ज्याच्या बाजूने पडे त्यालाच बाराव्याचा उपयोग होई आणि दुसरा संघ जणू अकरांनीच खेळे. २००६ च्या मार्चमध्ये तो गुंडाळण्यात आला. नव्या नियमात पाच नावे ठेवून हा दोष टाळला आहे. म्हणजे विरोध आता नियमाच्या बांधणीला उरलेला नाही, तो त्याच्या हेतूलाच आहे.

हेतूचा विचार करताना पुन्हा तुषार देशपांडेकडे वळावे लागते. बाराव्या गड्याच्या भूमिकेत उतरल्यानंतर वर्षही पुरते झाले नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई येथे रणजी करंडकाच्या उपांत्यपूर्व फेरीत मुंबईची गाठ बडोद्याशी पडली. दुसऱ्या डावात मुंबईचे ३३७ धावांवर नऊ गडी बाद झाले आणि अकराव्या क्रमांकावर देशपांडे खेळावयास आला. दुसऱ्या टोकाला दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन होता. या दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. कोटियन नाबाद १२०, देशपांडे १२३! दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही एकाच डावात शतक करण्याचा प्रसंग प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच घडला होता. १९४६ साली इंग्लंडमध्ये ओव्हलच्या मैदानावर सरे संघाविरुद्ध चंदू सरवटे यांनी नाबाद १२४ आणि शुटे बॅनर्जी यांनी १२१ धावा काढून शेवटच्या गड्यासाठी २४९ धावांची भर घातली होती. दोन्ही जोड्या भारतीय, आणि दोन्हींत एकेक मराठी नाव. मुंबईने पुढच्याच फेरीत तामिळनाडूला हरविले. त्या सामन्यात पालघरचा शार्दूल ठाकूर हा गोलंदाज नवव्या क्रमांकावर आला आणि त्याने १०९ धावा केल्या. मुंबईने तो करंडक बेचाळिसाव्यांदा जिंकला.

अहमदाबादच्या त्या रात्री नियमाने देशपांडेला सांगितले होते की, तू चेंडू टाक, फळीची काळजी नको. रणजीच्या मैदानाने त्याला सांगितले की, फळी धरल्यावाचून तुझी सुटका नाही. माणूस तोच, हात तेच. एका ठिकाणी त्याच्यातला फलंदाज कोणाला दिसलाच नसता. दुसऱ्या ठिकाणी तो साऱ्या देशाला दिसला. सक्तीचे काम नावडते असते, पण कित्येक गुण त्या सक्तीतूनच प्रकट होतात. गणित नावडणाऱ्या विद्यार्थ्याला गणितातून मोकळे केले तर वर्गाची सरासरी त्या वर्षी वाढेल. त्या विद्यार्थ्याच्या अंगी काय होते ते मात्र कधीच कळणार नाही.

महाराष्ट्राच्या क्रिकेटची जुनी पुण्याई याच सक्तीतून उभी राहिली. सांगलीचे विजय हजारे हे फलंदाज म्हणून अमर झाले. परंतु १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड येथे ब्रॅडमन २०१ धावांवर त्रिफळाचीत झाले ते हजारे यांच्याच चेंडूवर, आणि त्यानंतर त्याच सामन्यात हजारे यांनी ११६ व १४५ अशी दोन शतके केली. कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी त्याच दौऱ्यात सिडनी येथे आपल्या पहिल्या कसोटीत ५१ धावा काढल्या आणि १४ धावांत ३ बळी घेतले. या दोघांना कोणी अर्धेच काम नेमून दिले असते तर इतिहासाची ही पाने अर्धी कोरी राहिली असती.

अमेरिकेलाही हा धडा मिळाला, आणि तो एका जपानी माणसाने दिला. शोहेई ओतानी हा पिचरही आहे आणि फलंदाजही. त्याच्यासारख्यासाठी २०२२ साली नियमात दुरुस्ती करावी लागली: जो पिचर स्वतःच फळी धरतो त्याला चेंडू फेकण्याचे काम संपल्यावरही फलंदाज म्हणून राहता यावे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी एकाच सामन्यात त्याने दहा फलंदाजांना चेंडू फेकून बाद केले आणि तीन वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलविला. दोन कामांची फारकत करणारा नियम कायम झाला, आणि लोकांनी डोक्यावर घेतला तो दोन्ही कामे करणारा!

मग निकाल काय लावावा? पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकाला करमणूक हवी असते, आणि ती पुरविणाऱ्या स्पर्धेने आपले नियम ठरवावेत यात गैर काही नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने हा नियम इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२७ पर्यंत ठेवण्याचे ठरविले आहे. परंतु त्याच मंडळाने एक गोष्ट फारसा गाजावाजा न होता केली, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. राज्यांच्या संघांची वीस षटकांची स्पर्धा म्हणजे सय्यद मुश्ताक अली करंडक. बाराव्या गड्याचा प्रयोग २०२२ साली प्रथम तेथेच झाला होता; २०२४-२५ च्या हंगामापासून तो तेथून काढून टाकण्यात आला. नियम असताना २०२२ मध्ये तो करंडक मुंबईने जिंकला, नियम गेल्यावर डिसेंबर २०२४ मध्येही मुंबईनेच जिंकला. या दुसऱ्या विजयात सूर्यांश शेडगे या अष्टपैलू तरुणाने १५ चेंडूंत नाबाद ३६ धावा केल्या. एका सामन्यावरून सिद्धांत काढू नये; पण मंडळाने ओढलेली रेषा योग्य जागी पडली आहे. दुकानाचा नियम वेगळा आणि शाळेचा वेगळा. जेथे तयार झालेले खेळाडू आपले कसब विकतात तेथे बारावा गडी असो. जेथे खेळाडू तयार व्हावयाचे आहेत तेथे तो नको.

ही रेषा तालुक्याच्या आणि शाळेच्या मैदानापर्यंत पाळली गेली पाहिजे, कारण खरा धोका तेथे आहे. अहमदाबादच्या त्याच पहिल्या सामन्यात चेन्नईकडून राजवर्धन हंगरगेकर याने ३६ धावांत ३ बळी घेतले होते. हा मराठवाड्यातील तुळजापूरचा मुलगा चेंडू जोरात टाकतो आणि लांबही मारतो. आडगावच्या मुलाकडे ओळख नसते, मोठ्या शहरातील शिकवणी नसते. निवड करणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते ते बहुधा त्याला दोन कामे येतात म्हणून. मोठ्यांचे अनुकरण करून लहानांच्या स्पर्धांतही बदली गडी शिरला, तर बारा वर्षांच्या मुलाला कोणीतरी सांगेल की तू नुसता फलंदाज आहेस, चेंडूला हात लावू नकोस. त्या वयात ते कोणालाच ठाऊक नसते. त्या मुलालाही नाही.

पिंगळीच्या रानातल्या मुलांचा कायदा या बाबतीत शहाणा आहे. दुबळ्यासाठी त्यांनी कच्चा लिंबू ठेवला, म्हणजे दया सोडली नाही. विषम संख्येसाठी दोन्हीकडून खेळणारा ठेवला, म्हणजे सोय सोडली नाही. परंतु जो धडधाकट आहे त्याच्यासाठी त्यांचा नियम एकच आहे, आणि दिवस मावळेपर्यंत तो बदलत नाही: डाव घेतलास, आता डाव दे.